तालुक्याला नव्याने येणाऱ्या सीडीपीओंसाठी (बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांसाठी)

महिला आणि बाल विकास खात्यात नव्या अधिकाऱ्याचं स्वागत म्हणजे शाल, हार, फोटो आणि लगेच समोर चार्जची यादी. माझी सुपरवायझरची नोकरी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-खानापूर भागात झाली, त्यामुळे असे बरेच साहेब आणि मॅडम येताना पाहिले. यादीत कपाटं, वजनकाटे, भांडी सगळं असतं. कुठली अंगणवाडी टीचर एकटी दोन केंद्रं ओढतेय, ते नसतं. ते जुन्या सुपरवायझरकडून ऐकायचं, शक्यतो जीपमध्ये, ऑफिसात नव्हे.

केंद्रावर गेल्या गेल्या रजिस्टर मागू नका. आधी मदतनीस आक्कांशी बोला. कुठल्या घरचं पोर येत नाही आणि का, हे त्यांना पाठ असतं. मग एखाद्या मुलाच्या दंडाला स्वतः पट्टी लावून बघा. 11.5 सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, तिथपासून 12.5 च्या खाली मध्यम. पट्टी सैल धरली की मूल कागदावर सुधारतं!

इथली गावं एकसारखी नाहीत. निपाणीत बाया घरी विड्या वळतात, त्यामुळे मातांची बैठक विड्या द्यायला जायच्या वेळेला ठेवली तर कोणी येणार नाही. चिकोडी, अथणीकडे गळीत सुरू झालं की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुलं गावच्या यादीत नसतात. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये स्थलांतरितांची सोय आहे, पण त्यासाठी कुणीतरी फडावर जाऊन त्या आईला गाठायला हवं. खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांचं आणखी वेगळं. 2017 साली सुरू झालेल्या मातृपूर्ण योजनेत गरोदर बाईनं केंद्रात येऊन गरम जेवायचं, ही मूळ अट. भर पावसात आठव्या महिन्याची बाई ओढा ओलांडून भात-सांबार खायला येईल का? असं दिसलं की वर लिहून कळवा. गप्प बसून हजेरी भरू देऊ नका.

म्हैसूर-मंड्याकडून आलेल्यांनी थोडं मराठी कानावर पडू द्यावं, बाया मोकळ्या होतात. आपल्या मराठी मुलामुलींना मात्र कडक सांगते, कन्नड टिपणी स्वतः लिहायला शिका. नाहीतर क्लार्क बोट ठेवील तिथं सही करत राहाल.

गृहलक्ष्मी योजनेत घरच्या कर्त्या बाईला मिळणारे महिना 2,000 रुपये 2023 पासून सुरू झाले आणि ‘पैसे जमा झाले नाहीत’ म्हणून ऑफिसात रांग लागते. त्या तक्रारींना आठवड्यातला एक वार ठरवून द्या, बाजाराचा असला तर उत्तम. खेड्यातल्या बायांची एकाच फेरीत दोन्ही कामं होतात.

पहिल्या केडीपी बैठकीला, म्हणजे तालुक्याच्या विकासकामांच्या आढाव्याला, जाताना मात्र ऑफिसनं टाइप करून दिलेल्या तक्त्यासोबत, तुम्ही स्वतः बघितलेल्या केंद्रांची नावं आणि तिथली आकडेवारी वेगळ्या कागदावर न्या. आमदारांनी एखाद्या गावाचं नाव घेतलं की तोच कागद उपयोगी पडतो.