बाळाबद्दल लिहायला लागला असाल तर आधी बाकीच्या लिहिणाऱ्या आयांना भेटा

माझी मुलगी साडेचार महिन्यांची होती तेव्हा मी त्या पाच जणींना पहिल्यांदा समोरासमोर भेटले, तोपर्यंत सगळ्या फोनमध्येच होत्या. रात्री अडीच-तीनला ती दुधासाठी उठायची आणि एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी मराठीत टाइप करत बसायचे, आज शी हिरवी झाली, आज धुरीने मलाच खोकला आला, आज काही कारण नसताना रडले. बाळंतपणाआधी मी नाशिकमध्ये अंबडला एका कंपनीत क्वालिटीत होते, लिहायचं म्हणजे रिपोर्ट. पण लोक हे वाचायला लागले, आणि मग माझ्यासारख्याच लिहिणाऱ्या इथल्या बायका सापडत गेल्या. एक सिडकोतली, एक नाशिकरोडची, एक पंचवटीतली जी स्वतः नर्स आहे, एक थेट पिंपळगाव बसवंतहून येणारी आणि इंदिरानगरची ताई, आमच्यात सगळ्यात मोठी, तिचा मुलगा अकरा वर्षांचा.

हल्ली बऱ्याच नव्या आया मला विचारतात की रजा संपत आलीय, घरी बसून पॅरेंटिंग ब्लॉगर म्हणून काम सुरू करता येईल का, मोबाईल कोणता घेऊ, रिंग लाइट घेऊ का. मला मनापासून वाटतं की या सगळ्याच्या आधी माणसं गाठा. त्या एका दिवसात मला जे कळलं ते सहा महिने एकटीने लिहून कळलं नसतं.

भेटायचं ठरलं कॉलेज रोडच्या एका कॅफेत, कारण फोटो छान येतील असं सगळ्यांनाच वाटलं होतं. मार्चची सुरुवात, साडेअकराचं ऊन, आत गाणी जोरात, आणि पाजायला जागाच नाही. माझी मुलगी रडायला लागली तशी सिडकोतल्या मैत्रिणीचा मुलगाही सुरू झाला, आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले आणि मला घामच फुटला. ताईने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, उठा गं, माझ्याकडे चला, पोहे टाकते. मग दोन रिक्षा करून मुंबई नाक्यावरून इंदिरानगर. हॉलमध्ये सतरंजी अंथरली, पंखा लावला, दोन बाळं दुपट्यावर, आम्ही सगळ्या गाऊन घातल्यासारख्या मोकळ्या बसलो आणि मग खरी भेट सुरू झाली. म्हणून सांगते, पहिली भेट कोणाच्या तरी घरीच ठेवा. तेल-आंघोळ होऊन बाळाची एक झोप झाली की निघा, आणि ज्याला सर्दी-ताप आहे त्याने त्या दिवशी येऊ नये हे आधीच सगळ्यांनी कबूल करून घ्या, तान्ह्या बाळांच्या बाबतीत यात भीड नको.

पोहे खाताना पंचवटीवाली माझ्या शेजारी सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, तुझं ते बारशाचं वाचलं गं, फार छान लिहिलंयस, पण त्यातलं मधाचं काढशील का?

मी लिहिलं होतं की बाराव्या दिवशी आजीने सोन्याच्या अंगठीने मध चाटवला. आमच्याकडे सगळ्यांनाच चाटवलाय. तिने नीट समजावलं की मधात क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथे विष तयार होतं, मग आधी बद्धकोष्ठ, नंतर रडणं क्षीण होतं, दूध ओढायची ताकद कमी होते, बाळ लुळं पडत जातं. असं क्वचित होतं पण झालं तर दवाखान्यात भरती करावं लागतं. घरचा मध, ओळखीच्या शेतकऱ्याकडचा शुद्ध मध, काहीही असो, फरक पडत नाही, आणि साध्या उकळण्यानेही ते बीजाणू मरत नाहीत. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाहीच.

आजीने चाटवला, आमच्या नशिबाने काही झालं नाही, तेवढंच असतं तर मी विसरले असते. पण एका मुलीने मला विचारलं होतं, ताई किती चाटवायचा? आणि मी उत्तर दिलं होतं, बोटाच्या टोकावर. कोण ती, कुठली, तिचं बाळ केवढं, मला काहीच माहीत नव्हतं. मी तिथेच सतरंजीवर बसून तिला मेसेज केला. तिने चाटवला नव्हता, बाळ व्हायचं होतं अजून. त्या रात्री मी ते लिखाण गुपचूप बदललं नाही, वरती स्पष्ट लिहिलं की मी चुकीचं सांगितलं होतं, का चुकीचं ते लिहिलं, आणि ज्यांनी ज्यांनी खाली प्रश्न विचारले होते त्या सगळ्यांना वेगळं कळवलं. तुम्हीही असंच करा. आणि आपल्या बाबतीत काय झालं हे आणि इतरांनी काय करावं हे वेगवेगळं ठेवा. लसींबद्दल लिहायचं असेल तर हातात माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन बसा, ६, १०, १४ आठवडे हे त्यावर छापलेलं असतं, आठवणीने लिहू नका.

आता पैशाचं. माझ्या घरी तेव्हा एक पार्सल येऊन पडलं होतं, सहा महिन्यांनंतर द्यायच्या तयार खाण्याचा डबा, सोबत चिठ्ठी की याबद्दल चार ओळी लिहिल्या तर ३,००० रुपये देऊ. माझ्यासाठी ती पहिलीच मोठी ऑफर होती, मी फार खुशीत सांगितलं. नाशिकरोडची, जी हे काम चार वर्षं करतेय, तिने लगेच विचारलं, तू हो म्हणालीस का? मग तिच्याकडून कळलं की आपल्याकडे १९९२ चा कायदाच आहे, बाळाच्या दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि बाळाचं तयार अन्न यांची जाहिरात करायलाच बंदी आहे, २००३ च्या दुरुस्तीने त्यात दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचं अन्न आलं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड अशी आहे. डबा पाठवणाऱ्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी परत पाठवला. ज्या आईला दूध येत नाही किंवा जिला डॉक्टरांनी पावडर सांगितलीय तिने तिचा अनुभव जरूर सांगावा, तो तिचा हक्क आहे, पैसे घेऊन डबा विकणं वेगळं.

बाकीच्या वस्तूंचं, म्हणजे लंगोट, झबली, खेळणी, तर फुकट मिळालेली वस्तूसुद्धा मोबदलाच धरली जाते आणि ही जाहिरात आहे असं सुरुवातीलाच, दिसेल असं, ज्या भाषेत लिहितो त्याच भाषेत लिहायचं. जाहिरात क्षेत्राचे नियम २०२१ पासून आहेत, सरकारने २०२३ च्या जानेवारीत स्वतंत्र सूचना दिल्या, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर वस्तू आल्या आणि आपण त्या ठेवून घेतल्या तर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, त्यामुळे कोणाकडून काय आलं याची एक वही पहिल्या दिवसापासून ठेवा. मला पहिल्या सात महिन्यांत एकूण ४,२०० मिळाले, त्यातले १,५०० कापडी लंगोट शिवणाऱ्या एका बाईंकडून. म्हणून नोकरी असेल तर ती पहिल्या वर्षात सोडू नका असं मी ठामपणे सांगते. २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती पूर्ण घ्या, तेवढ्यात हे काम आपल्याला झेपतंय का ते कळतं. मी परत जॉइन झाले आणि लिहिणं रात्रीचं चालू आहे.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त लागलं. ताईचा मुलगा आतल्या खोलीतून येऊन माझ्या मुलीला खुळखुळा वाजवून दाखवत होता, ती त्याच्याकडे बघून हसत होती, आणि त्याने अचानक मला विचारलं, काकू, ही मोठी झाल्यावर तुमचं वाचेल ना? मी म्हटलं, हो, तिच्यासाठीच तर लिहिते. तो काही बोलला नाही. ताईने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, सांगू का रे? त्याने मान हलवली तेव्हाच ती बोलली. तो चार वर्षांचा असताना अंथरुणात शू करायचा, तिने त्यावर लिहिलं होतं, प्रेमानेच लिहिलं होतं, कितीतरी आयांना त्याने धीर आला होता. आणि पाच वर्षांनी वर्गातल्या एका मुलाला ते सापडलं. महिनाभर ताईच्या मुलाने डबा एकट्याने खाल्ला. ताईने सगळं काढून टाकलं, पण मुलांकडे स्क्रीनशॉट होते, ते कसे काढणार.

खोलीत कोणीच बोलेना. पिंपळगाववाली तर फोन काढून तिथल्या तिथे मुलाच्या आंघोळीचे फोटो काढून टाकायला लागली. मी घरी येऊन माझं सगळं पहिल्यापासून वाचलं, आणि प्रत्येक ठिकाणी हेच बघितलं की हे माझ्याबद्दल आहे की तिच्याबद्दल. माझी झोप, माझं रडणं, माझे टाके, हे मी लिहू शकते. तिचं शरीर, तिचा आजार, तिची फजिती ही तिची आहे. तिचं नाव, चेहरा, पाळणाघर आणि आम्ही आत्ता कुठे आहोत हे मी आता लिहीत नाही. लिहिणं थोडं अवघड झालं पण खोटं झालं नाही.

ताईच्या मुलाची गोष्ट इथे लिहू का हे मी ताईमार्फत त्याला विचारलं होतं. तो म्हणाला लिहा, पण माझं आणि शाळेचं नाव नको, आणि आधी मला वाचायला द्या. वाचून त्याने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढलीयेत.