स्ट्रट्स १ मधले डायनॅमिक फॉर्म बीन: काढलेली टिक परत का येते

स्ट्रट्स १ या जावाच्या वेब फ्रेमवर्कची अधिकृत देखभाल २०१३ मध्ये थांबली, तरी त्यावर चालणारी जुनी ॲप्लिकेशन्स सांभाळणारे आपल्यासारखे लोक आहेतच. प्रत्येक फॉर्मसाठी गेटर-सेटरचा वेगळा क्लास लिहायची कटकट १.१ आवृत्तीतल्या डायनाॲक्शनफॉर्म या तयार क्लासने संपवली; त्यात फॉर्मचे रकाने कोडऐवजी कॉन्फिगमध्ये लिहायचे.

स्ट्रट्स-कॉन्फिग या एक्सएमएल फाइलमध्ये फॉर्म-बीन (फॉर्मची माहिती धरणारा ऑब्जेक्ट) टाका, टाइपमध्ये क्लासचे पॅकेजसकट नाव द्या, आत रकान्यागणिक एक फॉर्म-प्रॉपर्टी लिहा. ॲक्शन मॅपिंगमध्ये (कुठली रिक्वेस्ट कुठल्या ॲक्शन क्लासकडे जाते ती नोंद) त्याच फॉर्म-बीनचे नाव द्या.

वापरकर्ता जे टाइप करतो ते सगळे स्ट्रिंगच ठेवा. वयाला इंटिजर लावलात आणि कुणी ‘पंचवीस’ लिहिले, तर एरवीच्या सेटिंगमध्ये मुकाट्याने ० येतो. रिकाम्या रकान्याचेही तेच.

आता चेकबॉक्स. एका कामात ग्राहक ‘एसएमएस पाठवा’वरची टिक काढून सेव्ह करायचा आणि पान उघडले की टिक पुन्हा हजर. दोन दिवस मी क्वेरीच तपासत बसलो. टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. मॅपिंगमध्ये स्कोप (बीन किती वेळ टिकते) लिहिला नाही तर स्ट्रट्स सेशन धरतो, म्हणजे तीच बीन पुढच्या रिक्वेस्टलाही वापरतो, म्हणून जुना ‘ट्रू’ तसाच राहतो. फॉर्म भरण्याआधी रिसेट मेथड दरवेळी बोलावली जाते, पण डायनाॲक्शनफॉर्ममधली ती मेथड तुम्ही सांगितल्याशिवाय काहीच पुसत नाही.

‘रिसेटमध्ये इनिशिअलाइज बोलवा’ (म्हणजे सगळे रकाने फॉर्म-प्रॉपर्टीत दिलेल्या ‘इनिशियल’ या सुरुवातीच्या किमतीवर आणा) हा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून ऐकू नका. फॉर्म दोन पानांचा असेल तर पहिल्या पानाची माहिती पुसली जाते, आणि ज्या चेकबॉक्सचे इनिशियल ‘ट्रू’ आहे त्याची टिक कधीच निघत नाही.

डायनाॲक्शनफॉर्मचा छोटा सबक्लास करा, फॉर्म-बीनच्या टाइपमध्ये त्याचे नाव द्या. त्याच्या रिसेटमध्ये फक्त चेकबॉक्स ‘फॉल्स’ करा, तेही रिक्वेस्ट पोस्ट असेल तरच. जेएसपी पानावरचा स्ट्रट्सचा फॉर्म टॅग पहिल्यांदा बीन तयार करतानाही रिसेट बोलावतो. पोस्टची अट नसेल तर तुम्ही दिलेले इनिशियल तिथेच पुसले जाते. पाने अनेक असतील तर कुठले पान आले ते हिडन फील्डने पाठवा आणि रिक्वेस्टमधूनच वाचा. त्या क्षणी फॉर्म अजून भरलेला नसतो.

ॲक्शनमध्ये ‘गेट’ मेथडने किंमत काढताना प्रॉपर्टीचे नाव चुकले तर कंपायलर काही बोलत नाही, पान चालवल्यावरच एक्सेप्शन येते. म्हणून नावे कॉन्स्टंटमध्ये ठेवा.

जेएसपीच्या एक्स्प्रेशनमध्ये फॉर्मच्या नावापुढे ‘डॉट मॅप’ लावून मगच प्रॉपर्टी लिहा.