'हाउएव्हर' वापरताना या चुका टाळा

'हाउएव्हर' म्हणजे 'पण, मात्र, तथापि' एवढं पाठ केलं की 'बट'च्या जागी तो बिनधास्त बसवला जातो. बहुतेक चुका इथेच होतात. 'बट' उभयान्वयी अव्यय आहे, ते दोन वाक्यं जोडतं. 'हाउएव्हर' क्रियाविशेषण आहे. ते विरोध दाखवतं, जोडत मात्र नाही.

म्हणून 'इट वॉज रेनिंग, हाउएव्हर वुई वेंट आउट' हे चूक. स्वल्पविरामाला एवढा भार पेलत नाही. 'रेनिंग'नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या आणि 'हाउएव्हर'नंतर स्वल्पविराम. अर्धविराम दिलात, तर पुढचं अक्षर लहानच राहतं. दोन लहान वाक्यं जोडायचीच असतील, तर सरळ 'बट' वापरा. ते जास्त सहज वाटतं.

शंका आली तर शब्द हलवून पाहा. 'वुई, हाउएव्हर, वेंट आउट' चालतं. 'बट' असा आत सरकत नाही. मधे आलेल्या 'हाउएव्हर'ला दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम हवेत. दुसरा हमखास विसरला जातो. ही मधली जागा आपल्या 'मात्र'सारखी आहे. 'माय ब्रदर, हाउएव्हर, स्टेड अ‍ॅट होम' म्हणजे 'भाऊ मात्र घरीच राहिला'. जोर आधीच्या शब्दावर पडतो, त्यामुळे जागा विचारपूर्वक निवडा.

'जरी... तरी' या सवयीमुळे 'ऑलदो ही वॉज इल, हाउएव्हर ही केम' असं लिहिलं जातं. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच पुरतं: 'ऑलदो ही वॉज इल, ही केम'. 'बट हाउएव्हर' ही जोडीही याच कारणाने टाळावी.

याच शब्दाचा दुसरा अर्थ 'कितीही' किंवा 'कसंही' असा आहे. 'हाउएव्हर हार्ड यू ट्राय, इट वोंट ओपन' म्हणजे कितीही जोर लावा, ते उघडणार नाही. इथे 'हाउएव्हर'नंतर स्वल्पविराम दिला की वाक्य मोडतं. तो 'ट्राय'नंतरच येतो.

'हाउएव्हर'ने वाक्य सुरू करू नये, असा एक जुना सल्ला आहे. तो पाळण्याची गरज नाही. आधीच्या वाक्याशी खरोखर विरोध आहे ना, एवढं मात्र तपासा. नुसता विषय बदलायला हा शब्द वापरला, तर वाचक नसलेला विरोध शोधत बसतो.