वाईट वर्षात झोप आणि भान जपताना या चुका टाळा

माझी मोठी बहीण खानापूरकडं दिली आहे. भात पोटरीला आलं की तिथं रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरं उतरतात, कधी गवे येतात. शेतात माळा बांधलेला असतो. त्यावर बसून डबा वाजवायचा, मधून मधून बॅटरी मारायची. पण एकच माणूस रात्रभर बसत नाही, पाळ्या ठरलेल्या असतात. दाजींची पाळी संपली की शेजारचा माळ्यावर चढतो आणि दाजी खाली येऊन घोंगडं ओढून गाढ झोपतात. डुकरं येणार नाहीत अशी हमी कुणी दिलेली नसते. तरी त्यांना झोप लागते, कारण आता जागं राहायचं काम दुसऱ्याकडं गेलेलं असतं.

मी कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या निपाणी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं. भिंतींची ओल जायच्या आत मार्च 2020 चं लॉकडाऊन आलं आणि जुलै 2021 ला पुन्हा पूर. त्यातला बराचसा काळ मी पाळी न बदलता राखण केली. अंग मोडलं, चिडचिड वाढली आणि घरातली माणसं समोर असून मला दिसेनाशी झाली. यंदा कुणाच्या घरी मोठं आजारपण आहे, कुणाचं उसाचं बिल अडकलंय, कुणाच्या पोराची नोकरी गेलीय. म्हणून मी केलेल्या आणि आजूबाजूला पाहिलेल्या चुका इथं मांडतोय.

जागं राहणं म्हणजेच काळजी घेणं, असं समजणं

पुराच्या दिवसांत आमच्याकडं प्रत्येक घरात आकडे तोंडपाठ असतात. काळम्मावाडी धरणातून किती सोडलं, कोयनेतून किती, राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक गेलं, अलमट्टी धरणाची पातळी 519.60 मीटरच्या, म्हणजे पूर्ण भरल्याच्या खुणेच्या, किती खाली आहे. कारदगा-भोज पूल पाण्याखाली गेला का, अक्कोळ-सिदनाळ अजून चालू आहे का. ही माहिती हवीच, तिच्यावरच जनावरं कधी हलवायची ते ठरतं. पण मी रात्री दोनला, अडीचला, पावणेतीनला तोच आकडा बघत होतो. एवढ्यात पाणी फार बदलत नव्हतं. बदलत होतं ते माझं डोकं, दर वेळी आणखी तापत होतं.

यावर आमच्या आप्पांची जुनी रीत सगळ्यात चांगली. पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकायची, तिच्या वर चार हातांवर दुसरी. गल्लीतल्या चार घरांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या वाटून घ्यायच्या. खालची खुंटी बुडाली की पाळीवाल्यानं सगळ्यांना उठवायचं, नाहीतर कुणालाही उठवायचं नाही. 2019 ला मी खुंटी मारली, पाळीही लावली आणि दुसऱ्याच्या पाळीतही जागाच राहिलो. चूक ती होती. 2021 ला मुद्दाम झोपलो. पाणी वाढल्यावर शेजाऱ्यानं कडी वाजवली, आम्ही वेळेत म्हशी सोडल्या.

संकट पुराचं नसलं तरी खुंटी मारता येते. दवाखान्यात माणूस असेल तर रात्री जो तिथं थांबलाय त्याचाच फोन वाजेल अशी सोय करा. मोबाईलमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून ठरावीक नंबरला मोकळीक देता येते. बाकीच्या बातम्या सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. झोपायच्या आधीच्या तासात अजिबात नको.

‘हे एकदा सरू दे, मग झोपतो’

मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. संकट आलं म्हणून ही गरज कमी होत नाही. झोप तुटली की आधी जाते ती नीट विचार करायची ताकद, आणि वाईट वर्षात तीच सगळ्यात जास्त लागते. पुराच्या भरपाईचा अर्ज मी चार रात्रींच्या जागरणानंतर भरला. बँक खात्याचे दोन आकडे उलटे लिहिले. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं ‘एकदा वाचून बघा’ म्हटलं, तर तिच्यावरच खेकसलो. दुरुस्तीसाठी दीड महिना हेलपाटे घातले. त्याच आठवड्यात धार काढता काढता माझा डोळा लागला आणि गुडघ्यातली चरवी लवंडली. शेणात मिसळत जाणारं दूध मी नुसतं बघत बसलो. उठून चरवी सरळ करायची एवढंही सुचलं नाही. त्या दिवशी कळलं की मी दमलेलो नाही, त्याच्या पुढं गेलोय.

कागदपत्रं, सही, कर्ज, जमिनीचा व्यवहार, भावकीतली बोलणी ही कामं झोप झालेल्या सकाळी करा. रात्री घेतलेला निर्णय सकाळपर्यंत ठेवून बघा.

याला जोडून आणखी एक चूक होते, एकदम झोप भरून काढायची. रात्रभर जागायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळायचं. मग त्या रात्री परत झोप येत नाही. रात्री कितीही वाजता पाठ टेकलेली असो, उठायची वेळ शक्य तितकी एकच ठेवा. उठल्यावर थोडा वेळ बाहेर उजेडात जा, शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. दुपारी झोपायचं तर तीनच्या आत, वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून. मोटारीला रात्रीची थ्री फेज लाईट असलेल्या शेतकऱ्याला हे जमणार नाही, हे मला कळतं. त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याशी रात्री वाटून घ्याव्यात, आणि पाणी पाजून आल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपावं. त्या वेळी घरच्यांनी त्यांना ‘जरा एवढं बघा’ म्हणून उठवू नये.

झोप लागत नसताना अंथरुणात तळमळत राहणं

‘झोप लागंना झालीय’ म्हणत माणूस पडून राहतो, कूस बदलतो, घड्याळ बघतो, आता चारच तास उरले म्हणून हिशोब करतो. असं रोज झालं की अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा असं शरीर शिकून बसतं. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा. घड्याळ बघू नका, अंदाजच पुरे. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसून एखादं कंटाळवाणं हातकाम करा. माझी आई शेंगा फोडायची. सुपात शेंगा, मांडीवर ताट, दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं. अर्धी पायली होईस्तोवर तिची मान डुलायला लागायची, मग ती वाकळेवर जायची. मी हसायचो तेव्हा. पण झोपेचे डॉक्टर जो उपाय सांगतात तो हाच आहे. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जायचं आणि अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवायचं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस त्रास होतो. तरी सोडू नका.

चहा, मिश्री, घोट आणि गोळी

चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही जवळजवळ निम्मं अंगात असतं. संध्याकाळी सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर अर्धा कप घेतला की रात्र गेलीच. दुपारनंतर चहा नको, पाहुण्यांना ‘तुम्ही घ्या’ म्हणा.

आमचा भाग तंबाखूचा. विडी, तपकीर, मळलेली तंबाखू आणि बायकांमध्ये मिश्री. काळजी वाढली की दिवसातून दोनदाची मिश्री पाच-सहा वेळा होते, शेवटची अंथरुणावर बसून. निकोटीन घेतल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण ते झोप आणणारं नाही, जागवणारं आहे. कमी करणं अवघड आहे, मी आईला बघितलंय. निदान रात्रीच्या जेवणानंतरची तेवढी सोडा. दारूनं डोळा लवकर लागतो आणि पहाटे तीनला उघडतो, मधली झोपही तुटक होते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी घेऊ नका, दारूबरोबर तर ती जीवावर बेतू शकते.

उत्तर मिळाल्याशिवाय जगणं सुरू करायचं नाही, असं ठरवणं

2020 ला कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आज कुठला नियम आहे हे रोज विचारावं लागायचं. पास चालेल का, रिपोर्ट लागेल का, हद्दीपलीकडं कागलला आजारी सासऱ्यांना बघून परत येता येईल का. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसत होतं आणि जाता येत नव्हतं. रात्री त्याच प्रश्नांची उलटसुलट चर्चा, ग्रुपवर तेच, जेवताना तेच.

खरं तर सीमाभागातल्या माणसाला अनिश्चितता नवी नाही. आजोबांच्या तरुणपणी 1 नोव्हेंबर 1956 ला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा 2004 चा, निकाल अजून नाही. आजोबा दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला जायचे, दंडाला काळी फीत बांधून, मनापासून. दुसऱ्या दिवशी पहाटे नांगर जुंपलेला असायचा. प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. प्रश्नाला त्यांनी एक दिवस नेमून दिला होता.

मी त्यावरून वही केली. संध्याकाळी पाचला पंधरा-वीस मिनिटं, मधोमध रेघ मारून. डावीकडं आज किंवा उद्या माझ्या हातानं होणारं काम: तलाठ्याला भेटणं, डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न, सोसायटीचा हप्ता. उजवीकडं माझ्या हातात नसलेलं. रात्री तोच विचार परत आला की ‘उद्या पाचला’ असं त्याला सांगायचं. पहिल्या आठवड्यात तो ऐकत नाही, नंतर ऐकायला लागतो. वही मात्र अंथरुणावर न्यायची नाही.

जवळ बसणं म्हणजे हजर असणं, असं मानणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. मुलगी तेव्हा दुसरीत होती. मी ताटावर बसून नाक्याच्या बातम्या चाळत होतो, ती तिचं काही सांगत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘पप्पा, ऐकालाईस न्हवं?’ मी हो म्हटलं. ‘मग काय म्हटलं सांग.’ मला सांगता आलं नाही. ती रडली नाही, आईकडं वळून तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

तेव्हापासून दिवेलागणीला फोन देवळीत जातो आणि जेवणं आटोपेपर्यंत तिथंच राहतो. भान ठेवायचं म्हणजे मन रिकामं करून डोळे मिटून बसायचं, असा समज असतो. ते जमत नाही म्हणून लोक दोन दिवसांत सोडून देतात. मन भटकणारच. भटकलंय हे लक्षात आलं की हळूच परत आणायचं, बस्स. त्यासाठी रोजचंच एखादं काम घ्या. मी म्हैस धुवायचं घेतलं. तिच्या पाठीवरचा खरखरीतपणा, पाणी ओतल्यावर थरथरणारं कातडं, कानामागचा चिखल. कर्जाचा विचार येतो, मी परत कानामागं येतो. बायको भाकरी थापताना हेच करते, त्या वेळी तिच्याशी आम्ही कुणी कामाचं बोलत नाही.

मदत मागायला उशीर करणं

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जेवण तुटलं असेल तर नुसत्या सवयी बदलून भागत नाही. झोपेत मोठ्यानं घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं हेही डॉक्टरांना दाखवायचं दुखणं आहे. जगावंसं वाटत नाही असं कुणी एकदा जरी बोललं तरी त्याच दिवशी हालचाल करा, त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं कुलपात घाला. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, तिला डिमहान्स म्हणतात. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. आमच्या गल्लीतला एकजण वर्षभर जातोय, आता रात्री झोपतो आणि सकाळी डेअरीला दूध घालायला सगळ्यांच्या आधी असतो. पहिल्या खेपेला त्याच्याबरोबर मी गेलो होतो. त्यानं वाटेत एक शब्द काढला नाही, मीही काढायला लावला नाही. केसपेपर मी काढला आणि नंबर येईपर्यंत बाकड्यावर त्याच्या शेजारी बसलो.