बारा महिने हिरवी बाग: सीता अशोक आणि कुंती

नर्सरीत नुसता 'अशोक' मागू नका, हाती आसुपालव, म्हणजे उंच सरळ वाढणारा खोटा अशोक पडतो. त्याचं पान एकेरी, लांब, लाटदार कडेचं. सीता अशोकाच्या एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस, लुळी लोंबते. ती सुकली समजून पाणी वाढवू नका, मुळं कुजतात. पालवी आपोआप ताठ, हिरवी होते.

पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. मातीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत मिसळा. काळ्या जमिनीत पाणी साचतं, म्हणून रोप वीतभर उंचवट्यावरच लावा. दुपारच्या उन्हात सावली हवी, नाहीतर पानांच्या कडा करपतात. केशरी फुलं साधारण जानेवारी ते एप्रिल, थेट जुन्या फांद्यांवर.

त्यापुढे कुंतीची (कामिनीची) झुडपं लावा, दोन रोपांत दोन-अडीच फूट. पावसाळ्यात हिचा सुवास अंगणभर पसरतो. पण दर पंधरवड्याला कात्री चालवली, तर फुलं मिळणार नाहीत. ती शेंड्यांनाच येतात. बहर ओसरल्यावरच छाटा.

जागा मोठी असेल तर बकुळही लावा, मात्र ती वाढते सावकाश.