भात-भाकरी न सोडता कार्ब्स कसे सांभाळायचे

वजन कमी करायचं म्हटलं की लोक आधी भात बंद करतात, प्लीज असं करू नका, कार्ब्स म्हणजे भात, पोळी, साखर यातली कर्बोदकं, ती शरीराचं मेन इंधन आहेत, 1 ग्रॅममधून 4 कॅलरी मिळतात आणि मेंदू तर मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो. प्रॉब्लेम कुठले कार्ब्स आणि किती हा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या गाइडलाइन्सही सांगतात की धान्यातून साधारण 45 टक्केच कॅलरी घ्या, आपल्याकडे मात्र पोळी, भात, वर बटाट्याची भाजी, म्हणजे ताटभर स्टार्च, कार्ब्सच.

तर करायचं काय, ताटात आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ वाढा, ती अर्धी संपली की मग भाकरी घ्या, फायबर आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की रक्तातली साखर हळूहळू चढते. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी करून बघा, मैद्याची बिस्किटं आणि चहातली साखर मात्र खरंच कमी करा, त्यात फायबर जवळपास नसतंच. फळ अख्खं खा, ज्यूस नको. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब्स एकदम कमी करू नका हं, शुगर खूप खाली जाऊ शकते.