रविवारच्या डावाआधी घुबडाची तयारी

रविवारी राजारामपुरीत डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा साहसाचा खेळ) डाव बसायचा आहे. ज्यांच्याकडे जादूचा सोबती आहे त्यांनी शनिवारी रात्रीच आपलं शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) काढून बसावं. आपण त्याच्या २०१४च्या नियमांनी खेळतो, २०२४च्या नाही. मोबाइलवर शोधलं की दोन्ही समोर येतात, म्हणून वाचताना साल बघा.

विझार्डनं (जादूगारानं) आपल्या सोबत्याचं, घुबडाचं, वेगळं कार्ड करावं: आर्मर क्लास (वार लागायला फाशावर लागणारा आकडा) ११, हिट पॉइंट (जीव किती ते) १, उडण्याचा वेग ६० फूट. त्याचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) त्याचा स्वतःचा, तेव्हा फासा वेगळा टाकायचा. हल्ला त्याला करता येत नाही, हे लाल शाईनं लिहा.

खरी ताकद आहे ती हेल्पमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत गड्याला मदत करण्यात, आणि इथं नीट सराव हवा. घुबड शत्रूच्या ५ फुटांत, म्हणजे शेजारच्या चौकोनात, आलं आणि हेल्प केली की त्याची पुढची पाळी यायच्या आत आपल्या गड्याच्या त्या शत्रूवरच्या पहिल्या हल्ल्याला ॲडव्हांटेज मिळतो (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा). मदत करून ते तिथंच थांबलं पाहिजे असं नियमात नाही. सहा चौकोन आत, मदत, सहा चौकोन बाहेर. उडून निसटताना त्याच्यावर संधीचा वारही (टप्प्यातून बाहेर पडणाऱ्यावर शत्रू करतो तो) बसत नाही. हा खेळ मला फार आवडतो, कारण जेमतेम मुठीएवढा पक्षी पूर्ण लढाई फिरवतो. म्हणून शनिवारी चौकटीच्या वहीत हा फेरा दोनदा काढून बघा. कोणाच्या आधी घुबडाची पाळी आली तर फायदा, तेही ठरवा.

स्पर्शाचा मंत्र घुबडाकडून पोचवायचा असेल तर ते १०० फुटांत, म्हणजे वीस चौकोनांत, हवं आणि त्याची रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी एक झटपट कृती) शिल्लक हवी. त्याच्या डोळ्यांनी बघायला तुमची ॲक्शन (पाळीतलं मुख्य काम) जाते, आणि तेवढा वेळ तुम्ही स्वतः आंधळे-बहिरे. भर लढाईत हे नकोच.

फायरबॉलची (आगीच्या गोळ्याच्या मंत्राची) शंका आली की घुबडाला आधीच खिशातल्या जगात, म्हणजे जादूच्या लपायच्या जागेत, पाठवा. त्यालाही एक ॲक्शन लागते. सेव्ह (बचावाचा फासा) झाला तरी अर्धं नुकसान किमान ४, आणि त्याच्याकडे हिट पॉइंट आहे १. मेलेलं घुबड परत बोलवायचं तर पितळी शेगडीत १० सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप, वनस्पती जाळून एक तास बसावं लागतं. रिच्युअल म्हणून (मंत्राचा साठा न खर्चता, विधीनं) केलं तर आणखी दहा मिनिटं. निदान दोन वेळचं सामान शीटवर लिहून ठेवा.

रेंजरनं (रानात वावरणाऱ्या लढवय्या पात्रानं) कुठला प्राणी घेतलाय ते डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आधी सांगावं. मूळ नियमात त्या प्राण्याला हल्ला करायला सांगताना तुमची ॲक्शन जाते, २०२०च्या पर्यायी नियमात बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती).

नकाशावर घुबडासाठी वेगळ्या रंगाचं बटण आणा. मागच्या वेळी सगळेच चिंचोके होते, आणि मी घुबड समजून गॉब्लिन हलवला होता.